प्लेगच्या प्रकरणासाठी माईंचे जाहीर आभार

आदरणीय माई,

साष्टांग नमस्कार.

कोल्हापुरातील प्लेगच्या काळावरची माझी कादंबरी पूर्ण झाली असून, एकाच घरातली दोन मुले दगावतात ते प्रकरण आपल्यामुळेच लिहिता आले, हे चारचौघांत सांगावे म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

साथीचा इतिहास ग्रंथालयात मिळाला होता. १८९६ मध्ये मुंबईत पसरलेला प्लेग, १८९७ चा साथरोग कायदा, हाफकिन यांची लस, शाहू महाराजांच्या कारकिर्दीत गावाबाहेर उभ्या राहिलेल्या झोपड्या, हे सारे कागदोपत्री होते; पण मूल गेल्यावर त्या झोपडीत आईने काय केले, हे कोणत्याही दप्तरात नव्हते. ते आपण शुक्रवार पेठेतल्या घरी, सासूबाईंकडून ऐकलेले जसेच्या तसे सांगितलेत. घरात उंदीर पडला की चूल विझवून माळावर निघायचे, जांघेत गाठ आली की सख्खे शेजारीही अंगणाबाहेरून विचारपूस करायचे, खांद्याला चौघे मिळायचे नाहीत, आणि पहिल्याचा दहावा होण्याआधीच दुसऱ्याने अंथरूण धरलेले असायचे. रडायला सवड नव्हती. ते रडू कितीतरी वर्षांनी, थोरलीच्या लग्नात हळद लावताना फुटले. चितेपाशीचा आकांत कोणीही लिहील (आणि साथीवरच्या कथांत तो उदंड असतो), हळदीपाशीचा मला सुचला नसता.

त्या माउलीने जन्मभर दोष दिला तो नवऱ्याने मुंबईहून आणलेल्या लुगड्याला. पिसवा हा रोग उंदरांपासून माणसांपर्यंत नेतात, असे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले, परंतु ते डॉक्टरांनाही लवकर पटले नाही, मग माळावर कोण सांगणार? त्यातही कापडाच्या घडीतून पिसवा येऊ शकतात, म्हणजे तिचा संशय अगदीच निराधार नव्हता. नवरा-बायकोतला तो अबोला मी कादंबरीत मिटवलेला नाही; आपणही तो मिटल्याचे सांगितले नव्हते.

आपल्या इच्छेप्रमाणे मुलांची खरी नावे व घराची खूण वगळली आहे. प्रकरणाची प्रत टपालाने पाठवत असून, खटकेल तेथे पेन्सिलीने खूण करावी; छपाईला अजून अवकाश आहे.

आपला नम्र,
एक कादंबरीकार