प्रात्यक्षिक आतल्या खोलीत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मी सध्या एका शाळेच्या ग्रंथालयात प्रात्यक्षिक करते आहे. ही माझी दुसरी शाळा. पहिल्या शाळेतल्या पंधरा दिवसांत मी शिक्के मारले, नव्या पुस्तकांच्या दाखल नोंदवहीत नोंदी केल्या आणि पुस्तकांच्या पाठीवर बोधांकाच्या, म्हणजे कपाटातली जागा सांगणाऱ्या क्रमांकाच्या, चिठ्ठ्या चिकटवल्या. वर्ग ग्रंथालयात आला की मला आतल्या खोलीत बसवत. त्यामुळे एकाही मुलाशी बोलणे झाले नाही. प्रात्यक्षिकाचे तास मात्र पूर्ण भरले.

आताच्या शाळेतल्या ग्रंथपाल बाईंनी पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीतली पुस्तकांची देवघेव माझ्या हाती दिली. एका मुलाने लांडग्याच्या पिल्लाची गोष्ट परत केली आणि म्हणाला, "असंच दुसरं द्या." मी शिकल्याप्रमाणे पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या दशांश वर्गीकरणातल्या ५९९ कडे, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या कप्प्याकडे गेले आणि लांडग्यांची माहिती असलेले एक जाडजूड पुस्तक त्याला दिले. दुसऱ्या दिवशी ते न वाचताच परत आले. बाईंनी त्याला एवढेच विचारले, "त्या गोष्टीत तुला काय आवडलं होतं?" तो म्हणाला, "ते पिल्लू हरवतं आणि एकटंच घर शोधतं ते." बाईंनी समुद्रात भरकटलेल्या मुलाची गोष्ट काढून दिली. तीत लांडगा कुठेच नव्हता. ती त्याने दोन दिवसांत संपवली.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मी परीक्षेत न चुकता लिहिली होती. 'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ' हे त्यातले दुसरे. पण मुलाला काय हवे आहे हे कसे विचारायचे, ते मला त्या दिवशी बाईंच्या शेजारी उभे राहून कळले. वर्गांक, म्हणजे ५९९ सारखा क्रमांक, पुस्तकाचा विषय सांगतो, मुलाच्या मनात काय आहे ते सांगत नाही.

तांत्रिक कामाला मी कमी लेखत नाही. पुस्तक चुकीच्या कप्प्यात गेले की ते हरवल्यातच जमा. फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी लावू नये, ती पिवळी पडते आणि कागद खराब करते, हेही मी हाताने दुरुस्ती करतानाच शिकले. पुस्तकात चिकटवलेल्या, देवघेवीच्या तारखांचे शिक्के असलेल्या चिठ्ठ्या वाचायलाही इथेच शिकले. बरेच दिवस शिक्का न पडलेली काही पुस्तके आम्ही कपाटातून काढून दाराजवळच्या टेबलावर, मुखपृष्ठ दिसेल अशी उभी मांडली. त्यातली निम्मी आठवडाभरात बाहेर गेली.

म्हणून अभ्यासक्रम आखणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रात्यक्षिक निदान एक पूर्ण सत्र एकाच शाळेत असावे. पंधरा दिवसांत मुलांची नावेसुद्धा लक्षात राहत नाहीत, मग आवडीनिवडी कुठल्या कळणार? प्रात्यक्षिक वहीत किती पुस्तकांचे वर्गीकरण केले याबरोबरच कोणत्या मुलाने काय मागितले, आपण काय दिले आणि ते का परत आले, हेही लिहायला लावावे. आणि शाळांनी आम्हाला मधल्या सुट्टीत देवघेवीच्या टेबलापाशी उभे राहू द्यावे. नोंदी आम्ही सुट्टी संपल्यावर पूर्ण करू.

आपली,
एक प्रशिक्षणार्थी शालेय ग्रंथपाल