नुसतं खेळवतात म्हणालास त्यावरून

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू वैतागून म्हणालास ना, पोरगी साडेतीन वर्षांची झाली, शाळेत नुसतं खेळवतात, एबीसीडी पण येत नाही, मग फी कसली घेतात, तेव्हा मी गप्प बसलो कारण मागून काकूंचा आवाज येत होता आणि त्या तुझीच बाजू घेणार हे मला माहितीये. पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहायलाच बसलो.

अरे ज्युनियर केजी सिनियर केजी म्हणतो ना आपण, तो किंडरगार्टन शब्दच मुळी खेळ हेच शिक्षण मानणाऱ्या माणसाचा आहे. फ्रोबेल, जर्मन. 1837 मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग नावाच्या गावात त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला हे नाव दिलं, मुलांची बाग. मुलाच्या आत जे आहे ते त्याने स्वतः काहीतरी करत असतानाच बाहेर येतं, बाहेरून कोंबून नाही, हे त्याचं म्हणणं, बीएडवाले याला स्वयंक्रिया म्हणतात. त्यासाठी त्याने खेळणी केली, त्यांना भेटी म्हणायचा. पहिली लोकरीचे सहा रंगांचे चेंडू, दुसरी लाकडी गोळा, ठोकळा नि नळकांडं, तिसरी म्हणजे एक मोठा ठोकळा ज्याचे आठ छोटे होतात.

आता गंमत बघ. त्या आठ ठोकळ्यांना पण नियम. डबीतून काढताना अख्खा ठोकळा एकसंध निघाला पाहिजे, काही रचायचं तर आठच्या आठ वापरायचे, एकही उरता कामा नये, शेवटी परत तस्साच ठोकळा करून डबीत. त्यामागे त्याचं अखंडतेचं तत्त्वज्ञान होतं, म्हणजे प्रत्येक तुकडा एका अख्ख्याचाच भाग असतो, ठीके, पण पोराला सहाच ठोकळ्यांची खुर्ची करायची असेल तर?? पुढे काही ठिकाणी तर बाई सांगणार आणि सगळी पोरं एकदम एकेक ठोकळा ठेवणार, कवायतच ती. म्हणजे खेळणं आहे पण खेळ नाही. (आणि एवढ्या शिस्तीच्या माणसाच्या बालवाड्यांवर प्रशिया सरकारने 1851 मध्ये नास्तिक, समाजवादी म्हणून बंदी घातली, असं म्हणतात की पुतण्याच्या लिखाणावरून घोटाळा झाला, बंदी उठली 1860 मध्ये, तोवर हा गेलेला, 1852 मध्येच.)

लहान मुलांच्या शिक्षणातल्या त्या इटलीच्या माँटेसरीबाईंचं मला एक आवडतं, त्यांचे ते भोकांत बसवायचे लाकडी दट्टे, चुकीच्या भोकात घातला की शेवटी एक उरतो, मग पोरगं स्वतःच खाली बघतं, वर्गातल्या बाईंना चुकलं म्हणायची गरजच नाही. पण ते सामान महाग. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत, तिथे हे परवडणार कुठून, मग शंख-शिंपले, खडे, बिया, पानं. पोरं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथलाच, आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. मला तर हे फ्रोबेलच्या डबीपेक्षा फ्रोबेलच्या मूळ म्हणण्याच्या जास्त जवळचं वाटतं.

हे सगळं पाठ असूनही मी काय केलं माहितीये? गेल्या रविवारी आमचा चिरंजीव बर्फाच्या ट्रेमध्ये चिंचोके घालत बसला होता, एका खणात एक, कोपऱ्यात मात्र दोन, का तर म्हणे ते भाऊ-भाऊ आहेत. चांगला अर्धा तास चाललं होतं. मला राहवलं नाही, म्हटलं मोज बघू किती झाले. सात-आठपर्यंत मोजलं, ट्रे माझ्याकडे सरकवला आणि गेला निघून. बायको नुसती माझ्याकडे बघत होती.

तर फीचं तू बघ, पण एकदा शाळेत जाऊन मागे उभा राहा आणि पुढे काय करायचं हे पोरगी ठरवतेय की बाई, एवढंच बघ. बाईच ठरवत असतील तर भांड खुशाल, मी पण येतो. आणि चिंचोके पाहिजेत तर सांग, आईने यंदा बरणीभर ठेवलेत.

तुझाच