ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी वेळ कुठे जातो ते मोजा

महोदय,

‘फोटो एडिटिंग संथ चालत असेल तर चांगले ग्राफिक्स कार्ड बसवा’ हा सल्ला संगणकविषयक सदरांत सर्रास दिला जातो. तो चूक नाही, अर्धवट आहे. आणि महागात पडतो तो नेमका न सांगितलेला भाग.

कार्डावरचा प्रोसेसर असंख्य पिक्सेलवर एकच गणित एकाच वेळी करतो. एक्स्पोजर, कर्व्ह, ब्लर आणि विशेषतः नॉइज (फोटोतले नको असलेले दाणे) काढणे ही कामे त्याला मानवतात, कारण त्यांत एका पिक्सेलचे उत्तर बहुधा दुसऱ्याच्या उत्तरावर अडलेले नसते. कॅमेऱ्याची संकुचित रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल उलगडताना किंवा जेपेग बांधताना मात्र आधीच्या बिट्सवर पुढचे ठरतात, म्हणून ही कामे सहसा मुख्य प्रोसेसरकडेच राहतात. समजा, एक्स्पोर्टला (तयार फोटो फाइल म्हणून काढायला) 20 सेकंद लागतात आणि त्यांतले 12 नॉइज काढण्यात जातात. कार्डाने तेवढे काम दहापट वेगाने केले तरी एकूण वेळ 9.2 सेकंदांवर येतो, म्हणजे वेग जेमतेम दुप्पट. नॉइज काढतच नसाल, तर तेवढाही फायदा विसरा.

खरी अडचण कार्डावरच्या मेमरीची. 24 मेगापिक्सेलचा फोटो, प्रत्येक पिक्सेलचे चार चॅनेल (लाल, हिरवा, निळा आणि एक जादा), प्रत्येकाला 4 बाइट, म्हणजे 384 एमबी. फिल्टरला आत येणारे आणि बाहेर जाणारे चित्र एकदम धरावे लागते: 768 एमबी. मधल्या हिशेबाची जागा वेगळी. शिवाय स्क्रीन आणि उघडा ब्राउझर त्याच मेमरीत वाटेकरी. 2 जीबीचे कार्ड इथेच दमते. मग सॉफ्टवेअर फोटोचे तुकडे पाडते. ब्लरला शेजारचे पिक्सेल लागतात, त्यामुळे तुकड्यांच्या कडा एकमेकांवर चढवाव्या लागतात, नाहीतर सांधा दिसतो. ब्लरची त्रिज्या मोठी असेल, म्हणजे तो दूरचे पिक्सेलही घेत असेल, तर कडांचे तेच काम पुन्हापुन्हा होते आणि कधीकधी मुख्य प्रोसेसरच आधी काम उरकतो. 24 मेगापिक्सेलला निदान 4 आणि 45 मेगापिक्सेलला 8 जीबी धरून चालावे. कार्डांची तुलना छापताना गेममधल्या फ्रेम्सच्या जोडीला मेमरी आणि एक्स्पोर्टचा वेळ द्यावा, ही विनंती.

असलेले कार्ड वापरलेच जात नाही, हाही नेहमीचा प्रकार. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर विंडोजच्या सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन त्या सॉफ्टवेअरसाठी ‘हाय परफॉर्मन्स’ निवडावे. डेस्कटॉपवर मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, कार्डाला जोडलेली आहे ना, ते पाहावे (हसू नका, हे वारंवार घडते). फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसच्या परफॉर्मन्स भागात ग्राफिक्स प्रोसेसरची खूण तपासावी. लिनक्सवर ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) असूनही ओपनसीएलचे, म्हणजे कार्डाकडून गणित करून घेण्याच्या सोयीचे, पॅकेज बरेचदा वेगळे टाकावे लागते. कार्ड दिसते की नाही ते ‘सीएलइन्फो’ या आज्ञेने किंवा डार्कटेबल या फोटो-सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या ‘डार्कटेबल-सीएलटेस्ट’ने कळते. सॉफ्टवेअरची आवृत्तीही बघावी: लाइटरूममध्ये एडिटिंगच्या स्क्रीनला कार्डाचा हातभार 2015 मध्ये मिळाला, पण लाइटरूम क्लासिकमध्ये एक्स्पोर्टला तो 2022 मध्ये. त्याआधीची आवृत्ती ठेवून नवे कार्ड घेतल्यास एक्स्पोर्ट होते तसेच राहील.

एडिटिंग करताना स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येत असेल, तर कार्ड बिघडले असे लगेच समजू नये. एखादे काम कार्डावर सुमारे 2 सेकंदांहून जास्त अडकले की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. आधी ड्रायव्हर बदलून पाहावा, रजिस्ट्रीला (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जना) हात नंतर.

मोजणी सोपी आहे. तेच दहा रॉ फोटो, त्याच दुरुस्त्यांसह, एकदा कार्डाची सोय बंद ठेवून आणि एकदा चालू करून एक्स्पोर्ट करावेत. पहिली फेरी धरू नये. काही सॉफ्टवेअर तेव्हा कार्डासाठीचे प्रोग्राम तयार करत असतात. टास्क मॅनेजरमध्ये ‘थ्रीडी’चा आलेख सपाट दिसला तरी फसू नये, हा भार ‘कॉम्प्युट’ किंवा ‘कुडा’ (एनव्हिडियाच्या कार्डांवरची गणिताची सोय) या नावाखाली दिसतो. दोन्ही वेळांत फरक नगण्य असेल आणि त्यादरम्यान मुख्य प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल, तर पैसे प्रोसेसरवर घालावेत. डिस्क शंभर टक्क्यांवर असेल, तर एसएसडीवर.

आपला,
एक वाचक