तक्रार करा, पण लिंकसकट करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुस्तकांच्या फुकट पीडीएफ वाटणाऱ्या साइट बंद करा, अशी मागणी आपल्या पत्रसदरात अधूनमधून वाचायला मिळते. राग रास्त आहे. पण नागपुरात बसून अशाच एका फाइल शेअरिंग साइटवर आलेल्या तक्रारी वाचणे हे माझे रोजचे काम आहे, आणि तिथून दिसते ते असे: ज्या लेखकाची खरोखर चोरी झालेली असते त्याची तक्रार बहुधा अर्धवट असते; ज्याचा हक्कच नसतो त्याची मात्र वकिली भाषेत, शिक्क्यानिशी, ठाकठीक येते.

लेखकाची मेल साधारण अशी असते: ‘माझे पुस्तक तुमच्या साइटवर आहे. ताबडतोब काढा, नाहीतर कोर्टात खेचीन.’ लिंक नाही, प्रकाशकाचे नाव नाही. आम्ही पुस्तकाच्या नावाने शोधायला जावे, तर एका फाइलीत कवितासंग्रह निघतो आणि दुसरीत त्याच नावाच्या गृहनिर्माण सोसायटीचा ताळेबंद. लिंक मागितली की माणूस भडकतो, ‘चोर तुम्ही, अन् पुरावे मी देऊ?’ त्याचा संताप मला कळतो. पण कायदाही तेच मागतो. 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मायस्पेस या साइटच्या खटल्यात हेच धरले, की गाण्यांची नुसती यादी हातात देऊन भागत नाही, नेमकी कोणती फाइल साइटवर कुठे आहे ते दाखवावे लागते.

तक्रारीत काय असावे, हे 2013 च्या कॉपीराइट नियमांतल्या 75 व्या नियमात दिलेले आहे. कृती कोणती, ती आपली कशावरून, साइटवरची प्रत बेकायदा का, ती कुठे आहे, आणि फाइल चढवणाऱ्यावर दावा लावून 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून देऊ अशी लेखी हमी. साइटवाल्याची खात्री पटली की त्याने 36 तासांत ती फाइल बंद करायची. 21 दिवसांत आदेश आला नाही तर तो ती पुन्हा खुली करू शकतो. या हमीची गोष्ट बहुतेक लेखकांच्या गावीही नसते. आणखी एक भ्रम म्हणजे, नोंदणी केली नाही म्हणून हक्क नाही. नोंदणीवाचूनही कॉपीराइट असतोच. मुखपृष्ठ, प्रकाशनाच्या तपशिलाचे पान आणि प्रकाशकाशी झालेला करार जोडला तरी पुष्कळ झाले. करार मात्र आधी स्वतः वाचावा. त्यात सगळे हक्क प्रकाशकाला लिहून दिले असतील, तर तक्रार त्याने करायला हवी.

आता ठाकठीक तक्रारींबद्दल. मध्यंतरी स्पर्धा परीक्षेच्या एका क्लासची नोटीस आली. फाइल उघडली तर आयोगाची जुनी प्रश्नपत्रिका, प्रत्येक पानावर तिरका, फिक्कट असा क्लासचा लोगो, आणि शेवटची काही पाने उत्तरांच्या स्पष्टीकरणाची. स्पष्टीकरणे क्लासने लिहिली, ती त्याची. प्रश्नपत्रिका त्याची कशी झाली? दुसऱ्याच्या कागदावर आपला शिक्का उमटवला म्हणून मालकी येत नाही. दुसरे उदाहरण नाटककार राम गणेश गडकरींचे. ते 1919 साली इथे जवळच, सावनेरला वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांची आजची मुदत धरली तरी त्यांच्या नाटकांवरचा हक्क संपून जमाना झाला. त्यांची संहिता कोणीही टाइप करून चढवावी. नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा आणि मुखपृष्ठ मात्र उचलता येत नाही. तरी ‘गडकरी’ नाव दिसले की सरसकट नोटीस पाठवणारे महाभाग आहेत. अशा पोकळ धमक्यांविरुद्ध कॉपीराइट कायद्याच्या 60 व्या कलमाखाली दाद मागता येते. ते कलम वापरायला कोणी जात नाही, हा भाग निराळा.

ट्रेडमार्कचे प्रकरण वेगळे आहे, आणि साइटवाले ते कॉपीराइटच्याच डब्यात टाकून मोकळे होतात. 21 दिवसांची ती तरतूद ट्रेडमार्कला लागू नाही. ‘अमुक क्लासच्या नोट्स’ असे फाइलीचे नाव असले, तर ते नाव नोट्स कोणाच्या एवढेच सांगते. त्याने कोणाची फसवणूक होतेच असे नाही. उलट बँकेचा लोगो लावलेले, ‘केवायसी अपडेट करा’ म्हणणारे एपीके, म्हणजे फोनवर बसवायचे ॲप, चढवलेले असेल, तर तिथे लोगोच्या हक्कापेक्षा सामान्य माणसाच्या खात्यातल्या पैशांचा प्रश्न आहे. ते वाचल्या क्षणी काढावे. दोन्ही तक्रारी एकाच रांगेत उभ्या राहतात, आणि क्लासचा वकील रोज स्मरणपत्र पाठवतो म्हणून त्याचा नंबर आधी लागतो.

आमच्या धंद्याचा दोष झाकत नाही. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क साइटवर ठळक हवा, तक्रारीची पोच 24 तासांत द्यायला हवी. प्रत्यक्षात कित्येक साइटवर ते नाव सगळ्यात खालच्या बारीक अक्षरांत असते आणि फॉर्म फक्त इंग्रजीत. फाइल बंद केली तर ती का बंद आहे हे उघडणाऱ्याला दिसले पाहिजे, असेही कॉपीराइटचा तो 75 वा नियम सांगतो. दिसते ते ‘फाइल सापडली नाही’. ज्याने ती चढवली त्याला तर बहुतेकदा कोणी विचारतही नाही. स्वतः लिहिलेल्या नोट्स टाकणाऱ्या पोराची फाइल खोट्या तक्रारीवर उडते आणि परत येत नाही, कारण काढून टाकण्यात साइटला जोखीम नाही, परत ठेवण्यात आहे. तक्रारीची प्रत चढवणाऱ्याला पाठवून त्याचे उत्तर मागवणे हा शिरस्ता प्रत्येक साइटने पाळावा. ज्याने उत्तर दिले त्याची फाइल 22 व्या दिवशी, आदेश नसेल तर, आपणहून खुली करावी.

विदर्भ साहित्य संघासारख्या संस्थेने 75 व्या नियमाबरहुकूम तक्रारीचा एक पानी मराठी नमुना छापून लेखकांना द्यावा, आणि आपणही तो एखाद्या रविवारी छापावा, ही विनंती. तोवर लेखकांनी एवढे करावे: लिंक फाइलीच्या पानाची पाठवावी, गूगलवर शोधल्याची नव्हे. ती आमच्याकडे उघडली की भलतेच निकाल दिसतात.

आपला,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर