कळ येते, चढते, उतरते

मँचेस्टर, १ मार्च

ती. आई आणि आबांना नमस्कार. चि. छोटीला अनेक आशीर्वाद.

छोटी, आज तुझे तीस आठवडे पूर्ण झाले. बाळंतपणासाठी संमोहन शिकायचं तू मनावर घेतलंस, तेव्हा सगळं एकदा नीट लिहूनच पाठवते. फोनवर रेंज जाते आणि नेमकं महत्त्वाचं राहून जातं. हे पत्र आईलाही वाचून दाखव. यातलं निम्मं काम तिचं आहे.

संमोहन म्हणजे कुणी आपला ताबा घेणं नव्हे, आणि ती झोपही नसते. आई वाती वळायला बसली की हाक मारली तरी तिला ऐकू जात नाही, तसं लक्ष एका जागी गोळा होतं, इतकंच. तुला शिकायचंय ते स्वसंमोहन. यात सूचना देणारीही तूच आणि घेणारीही तूच. गर्भसंस्काराशी याचा संबंध नाही. बाळाला हुशार करायचा दावा यात कुणी करत नाही.

याने काय होतं आणि काय होत नाही, हेही आधीच सांगते. इंग्लंडमध्ये ६८० पहिलटकरणींवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. स्वसंमोहन शिकलेल्यांपैकी सुमारे २८ टक्के जणींनी एपिड्युरल, म्हणजे पाठीतून द्यायची भूल घेतली, न शिकलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पण बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी विचारलं, तेव्हा शिकलेल्यांची भीती आणि काळजी आधी वाटली होती त्यापेक्षा कमी निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत कळांसाठी स्नायू सैल सोडणं, श्वसन आणि संगीत आहे, संमोहनाचं नाव नाही. म्हणून ‘बिनकळांचं बाळंतपण’ असं सांगून पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नकोस. मी शिकायला सांगते ते भीती आटोक्यात राहावी म्हणून.

भीतीचं महत्त्व एवढं का? भ्यालो की अंगात अॅड्रेनालिन, म्हणजे धोक्याच्या वेळी सुटणारं संप्रेरक, वाढतं, आणि गर्भाशयाला आकुंचन करायला लावणारं ऑक्सिटोसिन त्याने मागे पडतं. मग कळा लांबतात, अंग आखडतं, आखडलेलं अंग जास्त दुखतं आणि दुखलं की आणखी भीती वाटते. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी १९३० च्या दशकातच हे चक्र मांडलं होतं. आपण ते श्वासापाशी तोडायचं.

आधी श्वास शीक, बाकीचं त्याच्यावर उभं आहे. नाकाने चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. एक श्वास दहा सेकंदांचा झाला. जोमाची कळ साधारण मिनिटभर टिकते, म्हणजे एका कळेला सहा श्वास. कळेच्या मध्यावर, तिसऱ्या-चौथ्या श्वासाला, ती सगळ्यात चढलेली असते आणि पाचव्यापासून उतरू लागते. हे सहा आकडे अंगात मुरले की ‘आता किती वेळ’ हा प्रश्नच पडत नाही. लयीसाठी आखाजीचा झोका आठव. मागे जाताना श्वास आत, पुढे येताना बाहेर, आणि पुढचा हेलकावा मनात जरा लांब धर. (खरा झोका यंदा नको, पोट घेऊन तोल जातो.) बोटांना किंवा ओठांभोवती मुंग्या आल्या, गरगरलं, तर श्वास फार भराभर आणि खोल होतोय असं समज. कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याने तसं होतं. आत घेणं लहान कर, बाहेर सोडणं लांबव, दोन-तीन मिनिटांत उतरतं. आणि श्वास रोखून धरू नकोस. पहिलटकरणी कळ आली की नकळत तेच करतात.

सरावाला १५ मार्चपासून बस, तेव्हा बत्तीस आठवडे होतील. रोज वीस मिनिटं, ठरलेल्या वेळी. पाठीवर सपाट पडून नाही. या महिन्यांत गर्भाशयाच्या भाराखाली मोठी रक्तवाहिनी दबते आणि चक्कर येते. डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी, नाहीतर खुर्चीत टेकून. समोर भिंतीवर नजरेच्या जरा वर एक ठिपका धरून त्याच्याकडे बघत राहा. दोन-तीन मिनिटांत पापण्या जड होतात, मग मिटू दे. आता पायांपासून वर एकेक भाग पाच सेकंद ताणायचा आणि पंधरा सेकंद सैल सोडायचा. पावलं ताणताना बोटं स्वतःकडे ओढ. पुढे ताणलीस तर पोटरीत गोळा येतो, गरोदरपणात तो हमखास. पोट ताणायचंच नाही, त्याला नुसतं सैल सोड. जबडा मात्र आवर्जून ढिला कर, दातांवर दात नको. पुढे कळेत घट्ट होण्याची सुरुवात तिथूनच होते.

मग वीसपासून एकपर्यंत उलटं मोज, प्रत्येक श्वास सोडताना एक आकडा. एकवर पोचलीस की आपल्या ओळखीच्या जागी जा. जागा तुझी हवी, इंग्रजी ध्वनिफितीतला समुद्रकिनारा नको. केळीच्या बागेत दुपारी पानांखाली जो गारवा असतो तो घे, नाहीतर चांगदेवचा तापी-पूर्णेचा संगम. तिथे काय दिसतं, कसला आवाज येतो, पायाखाली काय लागतं, सगळं बघ. त्या वेळी अंगठा आणि तर्जनी जुळव. दर वेळी हीच खूण. तीन-चार आठवड्यांत नुसती बोटं जुळवली तरी अंग सैल पडायला लागतं, आणि दवाखान्यात तुला नेमकं तेच लागणार आहे.

महिनाभराने पुढची पायरी, हात बधिर करण्याची. मे महिन्यात माठातल्या पाण्यात हात बुडवून धरला तर कसा गार, मग सुन्न होतो? डोळे मिटून तो अनुभव उजव्या हातात आण आणि तो हात कमरेवर ठेवून गारवा तिथे उतरतोय असं बघ. सगळ्यांना जमत नाही. नाही जमलं तर सोडून दे, श्वास आणि खूण पुरेशी आहे.

उठताना एक ते पाच मोज, हातपाय हलव, सावकाश उठ. एकदम उठू नकोस. आणि कानात ध्वनिफीत घालून चुलीपाशी किंवा गाडीवर कधीच नाही.

आता शब्दांचं. सूचना वर्तमानकाळात, छोटी आणि खरी असावी. ‘दुखणार नाही’ म्हणू नकोस. त्यात ‘दुखणं’ ऐकू येतं, आणि दुखलं की बाकी सूचनांवरचाही विश्वास उडतो. इंग्रजीत कळेला भीतीदायक शब्द होता म्हणून इथे ‘लाट’ म्हणायला शिकवतात. आपल्याला गरज नाही. ‘वेणा’ म्हटलं की वेदना आठवतात, पण ‘कळ’ हा शब्द चांगला आहे. कळ येते, चढते, उतरते. आई, तू हे तुझ्या आवाजात, आपल्या अहिराणीत फोनवर रेकॉर्ड करून दे: ‘आंग ढिलं सोड. कळ येस, चढस, उतरस, निंघी जास.’ सावकाश बोल, वाक्यागणिक दोन श्वास थांब. लहानपणी ताप आला की ज्या आवाजाने डोळा लागायचा, त्याच्यापुढे परक्या बाईची ध्वनिफीत काही नाही. फोन विमान मोडवर ठेवूनच ऐका, मध्येच कॉल आला की सगळं मोडतं.

आणि आई, घरात येणाऱ्या बायकांनी आपापली अवघड बाळंतपणं छोटीसमोर सांगू नयेत, एवढं बघ. डोहाळेजेवणाला तर नक्कीच. त्याही एका अर्थी सूचनाच असतात, आणि त्या खोल जातात.

सराव फसतो तो बहुधा तीन ठिकाणी. छत्तिसाव्या आठवड्यात सुरू केलं की खूण पक्की व्हायला वेळच उरत नाही. दुसरं, रोज रात्री ऐकता ऐकता झोप लागते. झोप चांगलीच, पण दिवसातला एक सराव जागेपणी बसून हवा. तिसरी चूक जास्त वेळा होते: फक्त शांत खोलीत सराव. प्रसूतिगृहात शेजारची बाई ओरडत असते, ट्रॉली खडखडते, दिवे डोळ्यांवर असतात. म्हणून शेवटचे तीन आठवडे टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या, कूलरची घरघर अशातच बस. रोज एकदा मुठीत बर्फाचा खडा मिनिटभर धरून ते सहा श्वास घे. खरी बोच असताना लक्ष कसं टिकतं, ते त्यातूनच कळतं.

डॉक्टरीणबाईंशी आधीच बोलून घे. कळेत तू डोळे मिटून गप्प असशील, बोलायचं किंवा तपासायचं ते कळ ओसरल्यावर, इतकंच सांग. सोबतीला कोणाला घेता येईल तेही विचार. सरकारी दवाखान्यात २०१६ पासून सोबतीण ठेवायला केंद्राची परवानगी आहे, खासगीत त्यांचा नियम बघावा लागेल. आई असली तर तिचं काम एकच: तुझ्या खांद्यावर हात ठेवायचा आणि श्वास सोडताना तो हळूच खाली दाबायचा. बोलायचं कमीत कमी. ‘जोर लाव’ हे डॉक्टर किंवा नर्सने सांगितल्याशिवाय कुणीही म्हणू नये.

इंजेक्शन लागलं, सिझेरियन करावं लागलं, तर सराव वाया गेला असं मनात आणू नकोस. पाठीत भूल देताना न हलता बसावं लागतं, तिथे हेच सहा श्वास कामाला येतात.

एका बाबतीत मात्र हट्टाने सांगते. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणं, एकदम चेहऱ्यावर सूज, रक्त जाणं, हिरवट पाणी जाणं, ताप, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर श्वास मोजत बसायचं नाही. लगेच दवाखाना, गाडी नसेल तर १०८. एरवी पहिल्या वेळेला दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक मिनिटभराची, असं तासभर चाललं की निघायचं. पण आपल्या गावाहून तालुक्याला पोचायला लागणारा वेळ धरून त्याआधीच निघा. मनाचा जुना आजार, फिट येणं किंवा कधीकाळचा मोठा धक्का असेल तर संमोहन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हे तुला नाही, पण शेजारच्या वहिनीही शिकणार म्हणतात, म्हणून लिहिलं.

आईचं रेकॉर्डिंग झालं की मलाही पाठवा. वेग जास्त झाला असेल तर १५ तारखेच्या आत कळवते.

तुझी,
ताई