जुन्या संगणकांना हात लावणाऱ्यांचे आभार

आमच्या गावच्या वाचनालयाला एका कार्यालयाने मोडीत काढलेले नऊ संगणक मिळाले, तेव्हा ते सुरू होतील असे आम्हाला वाटले नव्हते. आज त्यांतील सहा संगणकांवर मुले मराठी टंकलेखन शिकत आहेत आणि याचे सारे श्रेय ज्यांनी नाव सांगण्यासही नकार दिला त्या मंडळींचे आहे.

पुण्याच्या तपकीर गल्लीतील ज्या दुकानदाराने जुन्या डीडीआर३ प्रकारच्या रॅमच्या (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या) पट्ट्या एकेक तपासून दिल्या आणि पैसे मात्र निम्म्याच पट्ट्यांचे घेतले, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. संगणकातील तारीख रोज मागे जात असल्यामुळे संकेतस्थळे उघडत नाहीत, यामागे मदरबोर्डवरील (संगणकाच्या मुख्य पाटीवरील) ३ व्होल्टची लहानशी बॅटरी संपलेली असते, हे आम्हाला एका महाविद्यालयीन मुलीने दाखवून दिले. फुगलेले कपॅसिटर (वीज साठवणारे लहान भाग) काढून नवे डाखणाऱ्या रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या काकांचा हात सत्तरीतही जराही थरथरत नाही, हे पाहून आम्ही थक्क झालो.

या संगणकांवरील विंडोज १० या कार्यप्रणालीला कंपनीकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून दोन तरुणांनी सलग तीन रविवार बसून, आधीच्या कार्यालयाची सर्व माहिती पुसून, लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली बसवली.

उरलेल्या तीन संगणकांचे सुटे भाग जपून ठेवले आहेत. आपण सर्वांनी एकदा वाचनालयात यावे, ही मनापासून विनंती.