विडालचा कागद : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

माझी आई परवा दवाखान्यातून घरी आली. सुया टोचून दोन्ही हात काळेनिळे झालेत.

तापाच्या तिसऱ्या दिवशी टायफॉईडच्या विडाल तपासणीसाठी रक्त दिलं. कागदावर आलं, 'विडाल : टायफी ओ १:८०, पॉझिटिव्ह'. आई म्हणाली, "पॉझिटिव्ह म्हणजे बरंच की रे." टायफॉईडची इंजेक्शनं सुरू झाली, ताप उतरला, आणि त्याच रात्री हिरड्यांतून रक्त यायला लागलं. जिल्ह्याला पळवली. डेंगी. प्लेटलेट २८ हजार.

तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं की ही तपासणी १८९६ सालची, एवढा आकडा आपल्याकडे धडधाकट माणसातही सापडतो. टायफॉईड पक्का करायचा तर अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी. दोन मिनिटं लागली तिला. ही दोन मिनिटं आपल्या खात्याने कुठे लिहून ठेवलीत, साहेब? त्या रात्री मोबाईलवर मराठीत शोधलं तर पपईच्या पानांचा रस मिळाला आणि बकरीचं दूध. गावच्या केंद्राच्या भिंतीवर शोधलं तर आपला फोटो.

मागणी एवढीच : रिपोर्टच्या पाठीमागे मराठीत चार ओळी छापणं सक्तीचं करा. तपासणी कशाची, कधी करायची, किती भरवसा ठेवायचा. शेजारच्या काकूंनी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ५.९ आल्यापासून भात सोडलाय, 'शुगर झाली' म्हणून रडतात. मधुमेह ६.५ पासून धरतात, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, हे त्यांना मी सांगायचं? मी एसटीत कंडक्टर आहे.

मराठी २०२४ साली अभिजात झाली. आनंद आहे. आईच्या रक्ताबद्दलचा एक शब्द मात्र अजून मराठीत आलेला नाही.

आणि पैसे नाहीत म्हणू नका. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं, २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर. केंद्राचं धोरण आहे म्हणाल. मग आम्ही तिकीट कोणत्या खिडकीवर काढायचं? निवडणुकीला तर सगळे एकाच गाडीतून येता.

लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टचीच सही हवी, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच सांगितलंय. आईच्या रिपोर्टवर शिक्का आहे, त्यात एक गिचमीड. झेरॉक्स सोबत जोडली आहे. सही कोणाची, तेवढं वाचता आलं तर कळवावं.

आपला,
एक मतदार